कोऱ्या कागदावरच्या सह्या

आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीत सात माणसं होती आणि सातही निवृत्त होती. नोकरीची वर्षं भरली म्हणून आपण निवृत्त झालो असं त्यांना वाटे. मला विचाराल तर ती जन्मतःच निवृत्त होती. अध्यक्ष माजी न्यायाधीश होते, उपाध्यक्ष माजी डेप्युटी कलेक्टर, आणि चिटणीस कशातून निवृत्त झाले होते हे अख्ख्या बडोद्यात कुणाला नक्की सांगता येत नसे. या सगळ्यांच्या पणजोबांनी दरबारात चाकरी केलेली. त्या चाकरीचा ताठा चार पिढ्या उतरत उतरत यांच्या मानेपर्यंत येऊन पोहोचला होता. पाठीचा कणा मात्र वाटेत कुठेतरी राहून गेला.

तर अशी ही सात माणसं दर जानेवारीत एका निर्भय व्यक्तीचा सत्कार करत. शाल, श्रीफळ, चांदीचं तबक आणि मानपत्र. दांडिया बाजारातल्या मंडळाच्या खोलीत आधी दोन महिने बैठका चालायच्या, आणि त्यांत मुख्य चर्चा निर्भय माणसाची नसून फराळाची असे. बडोद्याचा लीला चिवडा ठेवायचा की बटाटेवडे, यावर एका वर्षी दोघांनी राजीनामे दिले आणि चहा आल्यावर परत घेतले.

मानपत्र मी लिहीत असे. माझ्याआधी वडील लिहीत. ते दरबारी दफ्तरात कारकून होते आणि त्यांचं अक्षर इतकं सुरेख होतं की त्यांना कधी बढती मिळाली नाही. एवढा चांगला लेखनिक सोडायला कुठलाच साहेब तयार होईना. त्यांनी मला बोरू धरायला शिकवलं. मी एका गुजराती शाळेत चित्रकला शिकवत होते, लग्न केलं नव्हतं, आणि कार्यकारिणीच्या लेखी मी म्हणजे एक अक्षर होते. बैठकीत मी काही बोलले की चिटणीस हसून म्हणायचे, "बाईंचं अक्षर फार छान," आणि पुढच्या विषयाकडे वळायचे.

या मानपत्राची एक पद्धत होती, ती सांगितली पाहिजे. पूर्वी मी मजकूर लिहून नेई आणि मग सगळे सह्या करत. एका वर्षी आधीचे अध्यक्ष समारंभाच्या दोन दिवस आधी वारले आणि बिनसहीचं मानपत्र द्यावं लागलं. त्याची या लोकांना इतकी लाज वाटली की अध्यक्ष गेल्याचं दुःख मागे पडलं. तेव्हापासून ठरलं, दसऱ्याला लेखणीची पूजा झाली की एका कोऱ्या हातकागदाच्या तळाशी सातही जणांनी सह्या करायच्या, मंडळाचा गोल शिक्का उमटवायचा आणि कागद बाईंकडे द्यायचा. वर काय लिहायचं ते बाई नंतर बघतील. न्यायाधीशांनी आयुष्यभर लोकांना बजावलं असेल की कोऱ्या कागदावर सही करू नका. स्वतः ते पेढा तोंडात टाकून दर दसऱ्याला करत. मजकूर नंतरही कुणी वाचत नसे, कारण तो दर वर्षी जवळपास तोच असे. शल्यविशारद असो की मल्लखांबाचे उस्ताद, मी 'आपल्या साधनेचा नंदादीप' लिहायची आणि ते टाळ्या वाजवायचे.

त्या सुमारास घरोघरी केबल आली होती आणि टीव्हीवर युद्ध पाहून झालं होतं. सीमा हा शब्द सगळ्यांच्या तोंडात बसला होता. ज्यांनी बडोद्याशेजारच्या सावली गावाच्या पुढे कधी पाऊल टाकलं नाही ते पानाच्या गादीवर उभं राहून मोर्चेबांधणी समजावून सांगत. अशात चिटणीस बैठकीत म्हणाले, "या वर्षी बॉर्डरवाला कुणी पत्रकार बघू. माझा भाचा भूजला आहे, तो नाव सुचवतो. गुजराती असला तरी चालेल, आपण काही संकुचित नाही." भाच्यानं नाव सुचवलं. त्या माणसानं काय लिहिलं आहे हे सातांपैकी एकानंही विचारलं नाही. सीमेवर जाऊन लिहितो म्हणजे जवानांच्या शौर्यावरच लिहीत असणार, असं ते धरून चालले.

मी त्याला निवडीचं पत्र पाठवलं आणि मानपत्रासाठी कात्रणं मागवली. पत्र मी गुजरातीत लिहिलं होतं. आठ दिवसांत झेरॉक्सचा जाड गठ्ठा आला आणि मी तो एका रविवारी दुपारी वाचून काढला.

त्याचं साप्ताहिक चार पानांचं होतं. अर्ध्या पानावर लग्नाच्या जाहिराती. उरलेल्या जागेत हा माणूस दोन वर्षं एकाच मृत्यूबद्दल लिहीत होता. कच्छच्या रणाच्या कडेच्या एका वस्तीतला मालधारी, म्हणजे गुरं राखणारा माणूस, चुकलेल्या म्हशी शोधायला गेला आणि पहाऱ्यावरच्या आपल्याच लोकांच्या गोळीनं मेला. प्रेत मिळालं नाही. कागदावर मात्र नोंद झाली की तो सीमा ओलांडून पलीकडे निघून गेला. म्हशी परत आल्या, तो आला नाही. पत्रकार त्याच्या भावाला घेऊन त्या जागी गेला, वाळलेल्या रक्ताच्या जागेपासून सीमेच्या खांबापर्यंत पावलं मोजत चालला आणि आकडा छापला. पाचशे बारा पावलं, आपल्या बाजूला. त्यानंतर त्याला चौकशीला बोलावलं, दिवसभर बाकावर बसवून ठेवलं, त्याची मोटरसायकल जप्त केली. तो एसटीनं जाऊ लागला. प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या अंकात त्याच्या दोन ओळी असत: मृत्यूची नोंद या महिन्यातही झाली नाही. मेलेल्याची बायको या महिन्यातही दर सोमवारी चौकीवर हजेरीला गेली. पळून गेलेल्याची बायको म्हणून तिच्यावर संशय होता, त्यासाठी ही हजेरी.

एकाही ओळीत विशेषण नव्हतं. मी नंदादीपवाली बाई, मला ते वाचताना स्वतःचीच शिसारी आली.

मी हे कार्यकारिणीला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. खरं कारण सांगते, मला गंमत बघायची होती. तोपर्यंत प्रमुख पाहुणा ठरला होता. आमचा नियम असा की पाहुणा विषयाला साजेसा हवा. गवयाच्या सत्काराला गवई, डॉक्टरच्या सत्काराला डॉक्टर. सीमेवरच्या पत्रकाराला साजेसा म्हणून त्यांनी सीमेवरच्याच पहाऱ्याचा एक निवृत्त अधिकारी गाठला होता. उत्तरेकडचा, मुलीकडे बडोद्याला राहायला आलेला. ज्या पहाऱ्याबद्दल तो गठ्ठा होता त्याच पहाऱ्यातला. मी आत आत हसत होते. सात शहाण्यांची फजिती मला बसल्या जागी पाहायला मिळणार होती.

मग त्याचं दुसरं पत्र आलं. तबक नको, शालही नको, पण एक विनंती आहे. मृत्यूच्या नोंदीसाठी तालुक्याच्या कचेरीत वर्तमानपत्राची कात्रणं कुणी हातात घेत नाही. एखाद्या प्रतिष्ठित संस्थेचं, शिक्क्याचं, मोठ्या माणसांच्या सह्यांचं काही असेल तर अर्जाला जोडा, असं तिथल्या कारकुनानं सांगितलं आहे. आपल्या मानपत्रावर निवृत्त न्यायाधीशांची सही असते असं कळलं. तो माणूस सीमेच्या अलीकडे मेला, एवढं एक वाक्य त्यात येऊ शकेल का? खाली लिहिलं होतं, "बेन, एक ज लीटी जोईए." एकच ओळ हवी.

कागद माझ्या कपाटात होता. सात सह्या, शिक्का, वर सगळं कोरं.

मी ते वाक्य लिहिलं. वडिलांच्या बोरूनं, तिसऱ्या परिच्छेदात, नंदादीप आणि निर्भय लेखणी यांच्या मधे. गावाचं नाव, त्या माणसाचं नाव, पाचशे बारा पावलं, आपलाच मुलूख, आपल्याच पहाऱ्याची गोळी, आणि तो पलीकडे गेला नाही. आयुष्यात लिहिलेलं माझं सगळ्यांत चांगलं वाक्य ते. लिहून झाल्यावर मी खंडेराव मार्केटात जाऊन विनाकारण शेवंतीची फुलं घेतली, इतकी मी स्वतःवर खूष होते.

समारंभाला हॉल भरला होता. पत्रकार पन्नाशीचा, किरकोळ अंगाचा, पायांत धुळीनं पांढरे झालेले बूट. शेजारी अधिकारी, मिशा वर वळवलेल्या. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला. मी मानपत्र वाचायला उभी राहिले. तिसऱ्या परिच्छेदाशी आल्यावर मी प्रत्येक शब्द मोकळा वाचला आणि थांबले.

टाळ्या पडल्या. मी थांबले म्हणून पडल्या. या लोकांना वाक्य लांबलं आणि वाचणारी थांबली की हात आपोआप हलवायची सवय. न्यायाधीश डोळे मिटून डुलत होते. डेप्युटी कलेक्टर मागे वळून वड्यांचं बघत होते. अधिकाऱ्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, तो सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता. पत्रकारालाही मराठी येत नव्हतं, पण गावाचं नाव ऐकून त्यानं झटकन मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मानपत्र त्या अधिकाऱ्याच्याच हातून त्याला दिलं गेलं. फोटोही निघाला.

मग अधिकारी शौर्यावर तासभर बोलला. पत्रकाराच्या खिशात घडी केलेला कागद मला दिसत होता, त्याचं भाषण त्यात असणार. तो बोलला असता तर सगळ्यांना कळलं असतं, गुजराती तर सगळ्यांनाच येतं. पण चिटणीस उठून म्हणाले, "वेळेअभावी सत्कारमूर्तींचं मनोगत आपण रद्द करतोय, वडे गार होतायत." निर्भयतेचा सत्कार करायला बोलावलेल्या माणसाला त्यांनी वड्यांसाठी गप्प बसवलं. आणि मीही प्लेट हातात घेतली.

एप्रिलमध्ये तो परत आला. सकाळी अकराच्या सुमाराला चिटणिसांचा निरोप आला, ताबडतोब या. त्यांचं घर माझ्या घरापासून चार घरं पुढे. बैठकीच्या खोलीत पत्रकार बसला होता आणि त्याच्या शेजारी, सोफ्यावर नव्हे तर खाली फरशीवर, काळी लोकरीची ओढणी घेतलेली एक बाई. मेलेल्याची बायको. मधे टीपॉयवर माझं मानपत्र, कडा मळलेल्या.

पत्रकारानं शांतपणे सांगितलं. कचेरीतल्या कारकुनानं कागद दोनदा फिरवून पाहिला, ही कुठली भाषा म्हणून विचारलं, आणि परत केला. गुजरातीत आणा, आणि खाली याच सह्या हव्यात.

मी मानपत्र उचलून पाहिलं. आयुष्यभर शाळेत गुजराती बोलले, त्या माणसाला पत्रसुद्धा गुजरातीत लिहिलं, आणि कच्छच्या कचेरीत जाणारा कागद मराठीत लिहून मोकळी झाले. गुजरातीत लिहावं हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. मानपत्र म्हटलं की मराठी, बाळबोध, शुद्ध. त्या सात जणांच्या दरबारी मिजाशीला मी इतकी वर्षं नाकं मुरडली आणि तीच मिजास माझ्या बोरूत भरलेली होती. आताही हे मी मराठीतच लिहिते आहे, सवय जात नाही.

"असं काय आहे त्यात?" चिटणिसांनी विचारलं. "वाचा की, बाई."

मी ते वाक्य वाचलं. मग, ती बाई माझ्याकडे बघत होती म्हणून, गुजरातीतही सांगितलं. चिटणिसांचा चेहरा आधी लाल झाला, मग मेणासारखा. तीन महिन्यांपूर्वी स्वतः टाळ्या वाजवलेलं वाक्य ते पहिल्यांदा ऐकत होते. मराठीत माझ्याकडे वळून म्हणाले, "हे आम्ही लिहिलंय? सरकारच्या विरुद्ध?" आणि गुजरातीत पाहुण्यांना म्हणाले, "मिटिंग बोलावतो. बघून घेऊ."

दोघं उठली. चिटणिसांच्या पत्नी आतून कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. घरी आलेली बाई निघाली की कुंकू लावायचं, एवढीच त्यांची रीत, बाकीचा विचार बिचाऱ्यांनी केला नव्हता. करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवलं, उचललं, आणि त्यांना आतून ऐकलेलं आठवलं असावं. हात तसाच हवेत राहिला. लावावं तर नवरा जिवंत. न लावावं तर मेला, आणि तसं म्हणायचं नाही म्हणून तर चिटणिसांनी आत्ता मिटिंग बोलावली होती.

ती बाई त्या बोटाकडे बघत होती. आवाज न चढवता म्हणाली, "चांदलो करो तो ए क्यां छे ए कहो. ना करो तो लखी आपो." कुंकू लावता तर तो कुठे आहे ते सांगा, लावत नाही तर तसं लिहून द्या.

चिटणिसांच्या पत्नी आत निघून गेल्या. बोट पदराला पुसलेलं मला दिसलं.

मिटिंग दुसऱ्याच दिवशी झाली. फराळ नव्हता, म्हणून लवकर आटोपली. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल, धमक्या देतील. तसं काहीच झालं नाही. न्यायाधीश अगदी मायेनं म्हणाले, "बाई, कात्रणं पुष्कळ होती, उतरवून घेताना एखादं वाक्य नजरचुकीनं आलं असेल, नाही का?" हेच न्यायाधीश. खरं की खोटं हे त्यांनी विचारलंच नाही. दुसरे कुणीतरी म्हणाले की हल्ली कॉम्प्युटरवर छान अक्षरं येतात, हाताचा प्रश्नच उरत नाही, पुढच्या वर्षापासून विचार करायला हरकत नाही.

बस एवढंच. नोकरी त्यांच्या हातात नव्हती, घर माझं स्वतःचं होतं, म्हातारी आई सोडता माझ्यावर कुणी अवलंबून नव्हतं. पण वर्षातून एकदा भरल्या हॉलमध्ये उभं राहायचं आणि लोकांनी म्हणायचं, अक्षर बघा, वडिलांचंच. ते जाईल, एवढीच भीती मला वाटली. पाचशे बारा पावलं चालणाऱ्या माणसासमोर माझी भीती केवढीशी होती ते बघा.

मी म्हणाले, "हो. नजरचूक."

मग कचेरीला पत्र पाठवायचं ठरलं. सदर वाक्य आपल्या नजरचुकीनं आलं असं लेखनिक बाईंनी सांगितलं असून संस्थेचा त्याच्याशी संबंध नाही. हे पत्र मात्र गुजरातीत लिहायचं ठरलं, कचेरीत नीट वाचता यावं म्हणून. सातही जणांनी ते आधी शब्दन् शब्द वाचलं, एक काना दुरुस्त करायला लावला, आणि मग सह्या केल्या. लिहिलं मी. बोरूनंच लिहिलं.

पुढच्या जानेवारीत मानपत्र कॉम्प्युटरवर छापलं. चारी बाजूंना द्राक्षाच्या वेलीची चौकट होती. मला पहिल्या रांगेची खुर्ची दिली होती आणि मी तिथं जाऊन बसलेसुद्धा.

त्या पत्रकाराचं मला पुन्हा पत्र आलं नाही. फक्त त्या मिटिंगनंतरचा मे महिना संपताना एक पाकीट आलं होतं, आत त्याच्या साप्ताहिकातलं कात्रण. दोन बोटं रुंदीची बातमी, शेवटच्या पानावर. बडोद्याच्या एका संस्थेनं आपल्या मानपत्रातलं एक वाक्य मागे घेतलं आहे. हे वाक्य नजरचुकीनं आलं असं ते लिहिणाऱ्या बाईंनी सांगितलं आहे. मृत्यूची नोंद या महिन्यातही झाली नाही. बायको या महिन्यातही दर सोमवारी हजेरीला गेली.

सोबत चिठ्ठी असेल म्हणून मी पाकीट उलटं करून झटकलं. नव्हती. मग कात्रण पुन्हा वाचलं, शाळेत वह्या तपासते तसं, प्रत्येक शब्दावर बोट ठेवून, एखादी तरी चूक सापडेल म्हणून. एकही शब्द चुकीचा नव्हता.